अंड्याची खिडकी

"गुदमरल्याशिवाय हाक जात नाही, बाई," असं म्हणत सर अंडं दिव्यासमोर धरायचे आणि एक डोळा मिटून बघायचे.

आमच्या नाशिकच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवत, मी वनस्पतिशास्त्र. प्रयोगशाळा एकच, त्यामुळे त्यांची अंडी माझ्या कुंड्यांशेजारी. कवचाला नखाएवढी खिडकी पाडायची, वर चिकटपट्टी लावायची आणि आत रक्तवाहिन्यांना फाटे कसे फुटतात ते रोज बघायचं. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, माणसांपेक्षा असल्या गोष्टींत रमणारा.

अंडी गावठी लागत, कोंबडा असलेल्या घरची. मखमलाबादहून भाजी घेऊन येणारी मावशी ती आणून देई. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, सर लय अंडी खात्यात, पन अंगाला काय लागंना हो!" मी हसून हसून बेजार.

वर्गात सर रंगात येत. "पेशीत एक प्रथिन असतं. पुस्तकात त्याला ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात, आपण मुकादम म्हणू. ऑक्सिजन पुरेसा असला की पेशी त्याला बनवते आणि लगेच मोडून टाकते. कमी पडला की मात्र तो टिकतो. केंद्रकात शिरतो, डीएनएवर नेमक्या जागी बसतो आणि जनुकं चालू करतो. मग पेशीची हाक जाते, आणि शेजारच्या रक्तवाहिनीला तिकडे फाटा फुटतो." हे संशोधन तेव्हा अगदी नवं होतं. पोरांबरोबर मीही ऐकत बसे.

पुढे भारनियमन आलं. वीज गेली की उबवणीची पेटी गार पडे. मग सर अंडी मफलरमध्ये गुंडाळून स्वेटरच्या आत पोटाशी धरत आणि खुर्चीत बसून राहत.

"काय सर, कोंबडीसारखे खुडूक झालात का?" मी चिडवायचे.

"बसू द्या हो. घरी तरी कोण वाट बघतंय?"

हसतच म्हणायचे, पण मला ऐकवत नसे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. दिवाळीला फराळाला बोलावलं की उत्तर ठरलेलं, "अंडी आहेत ना पेटीत." अंडी कसली घेऊन बसलात, म्हणून मी वैतागायचे आणि डबा पाठवायचे. डबा घासूनपुसून परत येई, माणूस काही येत नसे.

निवृत्त झाल्यावर पेटी त्यांनी घरी नेली. एका हिवाळ्यात हॉस्पिटलातून फोन आला. सर एकटेच रिक्षा करून तिथे गेले होते. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "यांची एक मुख्य धमनी केव्हाचीच बंद होती. तिच्या आजूबाजूला बारीक रक्तवाहिन्या तयार झाल्या होत्या, त्यांच्यावर इतकी वर्षं निभावलं. छातीत दुखत असणार. कोणाला बोलले नाहीत?"

नाही हो. कोणालाच नाही. मला रडू आलं आणि संतापही आला. अहो, आतल्या पेशी एवढ्या वर्षांपासून हाका मारत होत्या, आणि तुम्हाला दोन गल्ल्यांपलीकडच्या मला एक हाक मारता आली नाही?

घरमालकानं खोलीचं कुलूप काढून दिलं. पेटी चालूच होती. आत एकच अंडं. चिकटपट्टीखाली लाल जाळं पसरलेलं, आणि मधोमध एक ठिपका धडधडत होता.

तेवढ्यात वीज गेली.

मी ते अंडं शालीत गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि त्यांच्या खुर्चीत बसून राहिले.