गच्चीवरची खाडी

एका बाईंचं सबंध उन्हाळ्याचं संशोधन मी एका सकाळीत ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. वर कडुनिंबाचं पाणी शिंपडलं आणि खाली येऊन सुनेला ऐटीत म्हणाले, "एवढी शिकलेली बाई, पर पानावरली भुरी कळंना तिला. मी केली साफ." तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. केस पिकले की अक्कलही पिकते असा माझा समज होता. आता सत्तरी उलटली, तरी त्या समजाला पुरावा मिळालेला नाही.

त्या बाई म्हणजे आमच्या भाडेकरू शैलजाबाई. लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजं आली आणि गावात घरोघरी वरचे मजले चढले, तेव्हाची गोष्ट. बाकीचे भाडेकरू आधी पाण्याचं विचारायचे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या या बाईंनी विचारलं, "काकू, गच्चीवर थोडा चिखल ठेवला तर चालेल का?" मला वाटलं, चार कुंड्या असतील. आठवड्यानं घाट चढून टेम्पो आला, त्यात टबच्या टब भरून काळा चिखल. नासक्या अंड्यासारखा वास. अख्ख्या आळीनं नाकाला पदर लावला. मी मात्र भाडं आधीच मोजून घेतलं होतं, त्यामुळे मला वास आला नाही.

चिखलात तिवराची रोपं होती. खाडीकाठी, खाऱ्या पाण्यात वाढतं ते झाड. बाईंचं माहेर तिथलंच. गावाजवळच्या खाडीला कुणीतरी बांध घालून भरती अडवली होती आणि आतली झाडं सुकत चालली होती. आता तेच लोक म्हणत होते, झाडं मेलेलीच आहेत, मग भराव टाकून जागा कामी आणू. बाईंना एवढंच दाखवायचं होतं की झाडं मेलेली नाहीत. "गुदमरलीत ती," त्या म्हणायच्या. "तिवराची मुळं चिखलातून नाकं वर काढून श्वास घेतात. नाकं बुडवून ठेवली तर तुम्ही तरी जगाल का?"

म्हणून तिथलीच मरायला टेकलेली रोपं त्यांनी आणली होती. अर्ध्या टबांत पाणी साचलेलं ठेवायचं, अर्ध्यांना नळीनं भरती-ओहोटी द्यायची. तीही गावाकडच्या वेळेप्रमाणं. डोंगरावर राहून ती बाई समुद्राच्या घड्याळावर जगायची. जेवता जेवता उठायची, "काकू, आमच्याकडे पाणी चढायला लागलं," म्हणून जिना चढायची. आणि वर गेली की एखादं पान चाटायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सुनेला म्हणाले, "हिला पोटभर वाढत जा गं, झाडपाला खातीया."

भरती मिळालेली रोपं हळूहळू सावरली, पानांवर पांढरं काहीतरी दिसू लागलं. तिवर खारं पाणी पितं आणि नको ते मीठ पानावाटे बाहेर टाकतं. "पानावर मीठ आलं म्हणजे झाड कामावर आहे," असं बाईंचं म्हणणं. पावसाआधी ते मीठ झटकून, वजन करून, सरकारी कचेरीत अहवाल द्यायचा होता. भराव थांबवायला त्यांच्या हातात तेवढंच होतं. हे मला कळलं ते पानं पुसून झाल्यावर. आम्हां शेतकऱ्यांना पानावर पांढरं दिसलं की भुरीचा रोगच दिसतो.

संध्याकाळी बाई वर गेल्या. मागोमाग मीही गेले, शाबासकी घ्यायला. त्यांनी एक पान जिभेला लावलं. मग दुसरं. मग तिसऱ्या टबातलं.

"काकू, पानं कुणी पुसली?"

"मीच की. भुरी हुती लई."

"भुरी नव्हती ती. मीठ होतं."

खाली येऊन त्यांनी चहा मागितला आणि सगळा प्यायल्या. एखादं भांडं आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

अहवाल अर्धाच गेला. कचेरीतून उत्तर आलं, पुढच्या वर्षी पुरा करून आणा. पुढचा उन्हाळाभर मी त्या टबांची राखण केली. सुनेला गच्चीवर पापड वाळत घालू दिले नाहीत. शेवटी मऊ ब्रशनं एकेक पान झाडून आम्ही दोघींनी मीठ बाटलीत भरलं. बाटली हातात घेऊन बाई हसल्या. तेवढं एकदाच मी त्यांना तोंडभर हसताना पाहिलं.

कचेरीत जाण्याआधी त्या एकदा खाडीवर जाऊन आल्या. जिन्यावरच बसल्या. म्हणाल्या, "मुरूम पडलाय तिथं. सपाट केलंय. पोरं क्रिकेट खेळतायत."

दुसऱ्या दिवशी मी वर हाक मारली, "बाई, पानी चढायची येळ झाली. सोडू का भरती?"

"कुठल्या खाडीची?" त्यांनी आतूनच विचारलं.

मग त्यांनी गच्चीवर पाऊल टाकलं नाही. मीच चोरून पाण्यात मीठ कालवून घालत राहिले, अंदाजानं. भाजीला चालतो तो अंदाज तिवराला चालत नाही. पानं गळत गेली. एकेक टब मी परड्यात रिकामा केला आणि बाईंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

वर्ष संपताना त्यांनी नोकरी सोडली. पुढं कुठं कुठं शिकवलं, पण झाडांचं काम पुन्हा हाती घेतलं नाही. गेल्या साली त्या वारल्या. त्यांच्या बहिणीनं फोन करून कळवलं.

त्या लवळ्यातून निघाल्या तो दिवस मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रिक्षा दारात उभी होती. मनात दीड वर्ष घोळवलेलं मी एकदाचं बोलून टाकलं, "बाई, माझ्यापायी गेली तुमची खाडी."

त्या चपलेत पाय घालत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "काकू, खाडी बुजवायला डंपर लागतात, मुरूम लागतो, वरपर्यंत सह्या लागतात. तुम्हाला एकटीला कुठलं जमायला?"