लेकीचं घर आणि ग्रीक लोकांची माया

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शिक्षण चौथी पास. पण सिलतऱ्याच्या लोखंडाच्या भट्टीवर जन्म काढलेला, त्यामुळे कोणाचं न ऐकण्यात डबल एमए.

त्या साली माझ्या नातीला ग्रीक शिकायची हौस आली. रायपुरात ग्रीक माणूस मी तरी पाहिला नाही, पण तिचा वर्ग मोबाइलवर भरायचा. पोट्टीला मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. आता तिसरी भाषा आणली, म्हणजे घरात एकमेकांशी न बोलायची आणखी एक सोय झाली.

एका दुपारी वही घेऊन आली. "आबा, एक शब्द सुनो. स्टोर्गे. घरवालों वाला प्यार. माँ-बाप और बच्चों का."

"बाकीच्यांसाठी वेगळा आहे काय?"

"दोस्ती का अलग, मियाँ-बीवी का अलग."

"मोठे शिस्तीचे लोक दिसतात. आपण एकाच मायेत सगळं भागवतो, अन् तेही सणासुदीला."

मग व्याकरण सुरू झालं. या शब्दाचं क्रियापदही आहे म्हणे. अर्थ माया करणं, आणि जे आहे ते मुकाट्यानं चालवून घेणंही. म्हटलं, हे तुझ्या आजीनं फुकटात सांगितलं असतं.

"और आगे 'अ' लगा दो तो उल्टा. अस्टोर्गोस. जिसे अपनों की माया ही नहीं."

"आपल्याकडूनच उचललं असेल. बरं, मी कोणता? 'अ' वाला का बिन 'अ' वाला?"

कौतुक ऐकायच्या तयारीनं मी सावरून बसलो. तिनं वही मिटली.

"बुआ के घर आपने ग्यारह साल में पानी तक नहीं पिया."

बुआ म्हणजे माझी लेक, रायपुरातच ब्राह्मणपाऱ्यात दिलेली. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमची जुनी रीत. आता कोणी पाळत नाही, म्हणून मी जास्तच पाळली. दर रविवारी घरून पाण्याची बाटली न्यायचो अन् लेकीच्या खुर्चीवर बसून आपलंच पाणी प्यायचो. एवढा नेमाचा बाप गावात दुसरा नाही, असं मले वाटे. चार लोकांना सांगायचोही.

"रीत आहे ते. लेकरू झालं की जेवीन."

"नहीं होगा, आबा. डॉक्टर ने कब का बोल दिया. सबको मालूम है, आपको बताए कौन? और आप हर इतवार उनके सामने बैठके बोतल खोलते हो."

अकरा वर्षं, दर रविवारी, तोंड न उघडता मी लेकीला एकच प्रश्न विचारत होतो, तोही जावयासमोर, आणि त्याला मान राखणं म्हणत होतो. एवढं कळायला ग्रीस देशाची मदत घ्यावी लागली.

"तो जाओगे?" नातीनं विचारलं.

"पाहू." हरलो म्हणायची मले सवय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ब्राह्मणपाऱ्यात गेलो. रविवार नव्हता, त्यामुळे दार उघडताच लेक घाबरली.

"बाबा, काहून आले? बरं आहे ना?"

"भूक लागली."

ती तशीच आत गेली अन् पोहे टाकले. मीठ कमी होतं. ते मी तिला सांगितलं आणि प्लेट पुन्हा पुढे केली.