म्हसोबाला बोट

माझी धाकटी बहीण रोहिणी जन्मापासून आंधळी हाय, पर तिला बिचारी म्हणायचं न्हाई. म्हणलं की फाडकन बोलते. आंधळ्यांच्या शाळेत शिकली, बी. ए. झाली. तिचा फोन तिला सगळं वाचून दाखवतो, तेबी इतकं भराभर की वाटावं, मेला भांडतोय. ती मात्र ज्वारी निवडता निवडता ऐकते.

आमची वस्ती शिरूर कासारच्या पलीकडं. दिवाळी झाली की कोयते घेऊन सगळी ऊस तोडायला जातेत, लेकरंसुदिक. घराघराला कुलपं. मागं राहतेत रोहिणी आन् आमची आत्या, छबुबाई. आत्याला दिसतं सगळं, पर वाचता अक्षर येत न्हाई, आन् गुडघे धरलेले. रोहिणीला कुठं जायचं म्हणलं तर नेणार कोण? दोघी कोंडल्यावानी. "ताई, एकदा नोकरी लागू दे, मग मी ह्या घरात अशी थांबायची न्हाई," म्हणायची.

आन् जागा निघाली की! एका हापिसात फोन घ्यायची, आन् तीबी आंधळ्यांसाठीच राखीव. अर्ज साइटवरच करायचा. नाव, गाव, शिक्षण, सगळं तिनं एकटीनं भरलं. शेवटाला साइट म्हणली, तुम्ही माणूस आहात, यंत्र नाही, हे सिद्ध करा. खालची चित्रं पाहून निवडा. पाहून! मुडदा बशिवला त्या साइटचा. जागा आंधळ्यांची आन् चित्रं पाहून निवडा? फोन नुसता "चित्र, चित्र, चित्र" करत बसला.

रोज तिथंच अडायचं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तिनं मला फोन लावला. मी सांगलीकडं उसाच्या फडात मोळ्या बांधत होते. फोटो पाठव म्हणलं, तर तेवढ्यात चित्रं बदलायची. मग तिनं आत्यालाच पुढ्यात बसवलं आन् मी इकडून ऐकत राहिले.

फोन म्हणला, "फायर हायड्रंट असलेले चौकोन निवडा."

"ते काय असतं गं?" मी इचारलं.

"फायर म्हंजी आग," रोहिणी म्हणली. "आत्या, आग कुठं दिसती?"

"आग न्हाई बाई. सडक हाय, मोटार हाय, आन् कडंला शेंदूर फासलेला म्हसोबा हाय."

"म्हसोबा जाऊ दे, आग बघ!"

"न्हाई म्हणते ना बया!"

चित्रं बदलली. पुन्हा तेच नाव, पुन्हा आग न्हाई, पुन्हा म्हसोबा. परदेशात आग इझवायला सडकंच्या कडंला लाल लोखंडी नळ असतो, हे आमाला मागून कळलं. आमच्याकडं प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघतेत, आगीला नळ कोण ठिवतंय?

पर रोहिणीच ती. एकदम वरडली, "आत्या, तोच! दर येळेला तोच येतोय. जिथं म्हसोबा हाय तिथं दोनदा बोट टेकव. लवकर!"

आत्यानं उलट हात मागं घेतला.

"आत्या?"

"आगं, शेणाचे हात हायती माझे. तसंच देवाला शिवू व्हय?" आन् आत्या उठलीच. तांब्या वाजलेला मला सांगलीत ऐकू आला.

"देव न्हाई गं तो!" तिकडं रोहिणी वरडतेय, इकडं मी. आत्या गुडघे धरत धरत आली, हात पदराला पुसले, पाया पडली आन् बोट टेकवलं.

फोन म्हणला, "वेळ संपली. सुरुवातीपासून भरा."

रोहिणीनं परत नाव-गाव भरायला घेतलं, तर अर्ध्यातच साइट बंद झाली. मुदत सरली. मला इतका राग आला की मी आत्याला नको नको ते बोलले, आन् बोलता बोलता रडायलाच लागले. आता आमी गुढीपाडव्याला परतेपस्तोर त्या दोघी आन् ते घर.

रोहिणीनं मला रडू दिलं. मग हळूच म्हणली, "ताई, आत्याला कशाला बोलतीस? माणूस हाय का यंत्र, एवढंच इचारत होते ना ते? यंत्र हात धुवायला उठलं असतं का गं?"