मामांच्या पडवीतलं गाऱ्हाणं

भांडणावर इतका जीव असलेला आणि तरीही ते तुटेपर्यंत ताणलेलं न बघवणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांखेरीज अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. माझ्या बायकोचे हे मामा अलोऱ्याजवळच्या एका वाडीत राहतात. पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झाले आणि वर्षानुवर्षं राज्यावर बसलेल्या पक्षाचे ते साधे सदस्य आहेत. पद म्हणून त्यांना आजवर कसलंच मिळालेलं नाही, पण तालुक्याची प्रत्येक बैठक त्यांच्याच पडवीत होते. पक्ष इतका काळ सत्तेत आहे की विरोधक नावापुरते उरलेत, त्यामुळे विरोधाची सोयसुद्धा घरातल्या घरातच करावी लागते. ती दोघे जण अगदी मनापासून करतात. एक माजी सभापती, शाळेत मामांच्या शेजारी बसणारे. दुसरे कंत्राटदार, ज्यांच्या हातात पोरवयात खळीचा डबा देऊन पोस्टरं चिकटवायला मामांनीच शिकवलं. दोघांचे दोन गट, पडवीत दोन बाक, आणि मधल्या झोपाळ्यावर मामा.

यंत्रांच्या घरघरीत उमेदीची वर्षं गेल्यामुळे मामांना कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र लावायला मात्र ते तयार नाहीत. "ज्याला सांगायचा हाय तो मोठ्यान सांगंल," असं त्यांचं म्हणणं. परिणाम असा की तालुक्यातलं कुठलंही गुपित त्यांना ओरडूनच सांगावं लागतं, आणि सल्ला तर सगळ्यांना मामांचाच हवा असतो. एका संध्याकाळी कंत्राटदार आले आणि "मामा, येत्या बैठकीत सभापतीला उताणा पाडायचा हाय," हे त्यांनी तीनदा, दर वेळी आवाज चढवत सांगितलं. तिसऱ्या खेपेला रस्त्याने चाललेले सभापतीच अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबले. "किती वाजता रे?" एवढं विचारून ते पुढे निघाले. मामींनी चहा जास्तच टाकला होता, तो फुकट जाऊ नये म्हणून मामांनी त्यांना हाक मारून परत बोलावलं. मग तिघेही चहा प्यायले आणि पाडण्याचा विषय त्या दिवसापुरता मागे पडला.

दोघांचं बोलणं अगदीच बंद झालं तर मामा परसातला कापा फणस उतरवतात. अर्धा एकाकडे, अर्धा दुसऱ्याकडे, आणि निरोप दोघांना एकच: "बाकीचा अर्धा त्याच्याकडं हाय." याने लगेच तह होतो असं मुळीच नाही. एका उन्हाळ्यात सभापतींनी आपला अर्धा तसाच परत धाडला, आणि गरे संपवून वर आठळ्यांची भाजी खाण्याचं काम आमच्यावर आलं. मी घाटावरचा जावई, मला हा सगळा भाबडेपणा वाटायचा. "मामा, एवढं करून उपयोग काय झाला?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "जावईबापू, फणस परत द्यायला त्याचा माणूस दारापर्यंत आला ना? आता पुढचा रस्ता थोडाच ऱ्हायला." आणि आठळ्या आणखी वाढा म्हणून त्यांनी ताट पुढे केलं.

पण मामांची खरी खासियत म्हणजे गाऱ्हाणं. ते गावचे मानकरी. देवळात सगळ्या गावाच्या वतीने देवाला साकडं घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही तिकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ती मामांनी बिनदिक्कत पक्षाच्या बैठकीतही आणली. पक्षाचा झेंडा, भाषणं, ठराव हे सगळं नंतर. आधी सगळ्यांनी उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मामांच्या मागे होकार द्यायचा. गाऱ्हाणं चालू असताना दोन्ही बाकांचा आवाज एकच निघतो, आणि ते संपताच दोघे एकमेकांच्या अंगावर जातात. मामा म्हणतात, "तेवढा वेळ तरी ऐक्य असतंय की."

गेल्या साली मात्र गोष्ट हातघाईवर आली. तालुकाध्यक्षपद दोघांनाही हवं होतं. मुंबईहून निरीक्षक येणार होते, आणि एका नावावर एकमत झालं नाही तर सभापती चिपळुणात आपलं वेगळं कार्यालय उघडणार होते, कंत्राटदार अलोऱ्याच्या कॉलनीत. दोघांनी जागासुद्धा बघून ठेवल्या होत्या. मामांचं जेवण सुटलं. बांगड्याचं कालवण समोर असताना ते ताटावरून उठायला लागले. मामी मला हळूच म्हणाल्या, "पक्षाचा नाय हो पडलाय त्यांना. ह्या बाकांवर उद्या कोन बसनार, हाच घोर हाय." मामांना मी विचारलं, तर ते झोपाळ्याची कडी धरून म्हणाले, "एकाकडं गेलो तर दुसरा तुटतोय. ह्या वयात मी कोनाला तोडू?" एरवी कशावरही थट्टा करणाऱ्या या माणसाचा चेहरा तेव्हा इतका पडला होता की मला गलबलून आलं.

बैठकीच्या सकाळी पडवी भरली. निरीक्षक खुर्चीवर बसले, दोन गट दोन बाकांपुढे उभे राहिले, आणि खांबाला टेकून नेहमीप्रमाणे बाई उभ्या होत्या. या बाई म्हणजे बौद्धवाडीतल्या निवृत्त शिक्षिका. नळाच्या पाण्यापासून म्हाताऱ्यांच्या पेन्शनपर्यंत लोकांची सगळी कामं त्या करायच्या. दोन्ही गट अडलं की त्यांच्याकडेच जायचे, आणि पदाची गोष्ट निघाली की दोघांनाही त्यांचं नाव आठवायचं नाही. मामांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, बारा वाड्यांच्या धन्या, आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाशी गोळा झालीत."

"व्हय म्हाराजा."

"कोनाच्या मनात वाकडा असंल ता सरळ कर."

"व्हय म्हाराजा."

"आनि ही अध्यक्षाची खुर्ची यंदा आमच्या बाईंच्या हाती दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळ्यांनी म्हटलं. मी पक्षाचा कुणी नसताना मीसुद्धा म्हटलं. मग एकेक डोळा उघडायला लागला. मामा तोवर आंब्याला मोहोर मागण्यापर्यंत पोचले होते, पण सगळ्यांच्या नजरा निरीक्षकांकडे वळल्या होत्या. निरीक्षकांनी विचारलं, "म्हणजे एकमत झालं का?"

"एकमत कसला, गाऱ्हाणा होता ता," सभापती म्हणाले.

"पण तुम्ही सगळे हो म्हणालात."

सभापतींनी कंत्राटदारांकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांत त्यांनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. कंत्राटदार डोकं खाजवत म्हणाले, "देवासमोर बोललाव. आता नाय कसा बोलायचा?"

"म्हाताऱ्यान केसान गळा कापलान," सभापती म्हणाले, आणि आपल्या बाकावर बसले.

एकच अडचण उरली होती. बाई देवाच्या गाऱ्हाण्याला कधीच होकार देत नाहीत, आदराने गप्प उभ्या राहतात, आणि मामांनाही ते ठाऊक आहे. म्हणजे त्या अख्ख्या सभेत बाईंना अध्यक्ष करायला हो न म्हणालेल्या एकट्या बाईच होत्या. मामांनी झोपाळ्यापासून पुढे येत त्यांच्यापुढे हात जोडले. बाई म्हणाल्या, "होईन मी. पण बैठक इथेच होईल, आणि या दोघांनी एका बाकावर बसायचं." मामांना ते ऐकू गेलं नाही म्हणून बाईंना ते शाळेतल्या आवाजात पुन्हा सांगावं लागलं, त्यामुळे ते रस्त्यापर्यंत गेलं आणि फिरवणं अशक्य झालं. हे तुम्ही ठरवून केलंत का, असं मी मामांना पुष्कळदा विचारलं. त्या प्रश्नापुरतं त्यांना अजिबात ऐकू येत नाही.

गटबाजी संपली असं कुणी समजू नये. एका बाकावर बसूनही ते दोघे मध्ये तिसरा माणूस मावेल एवढी जागा सोडतात. पण चिपळुणातली जागा सभापतींनी सोडून दिली, कॉलनीतल्या गाळ्यात कंत्राटदारांनी सिमेंट ठेवलं, आणि बाईंच्या कारभारात वरच्या वाडीला पाणी आलं. मामा पुन्हा दोन वेळा जेवायला लागले.

पावसाळ्यात मामा आजारी पडले. त्यातून उठले, पण आवाज बसला तो बसलाच. परवाच्या बैठकीला मी मुद्दाम घाट उतरून गेलो होतो. मामा रीतीप्रमाणे उभे राहिले, डोळे मिटले, "बा देवा" एवढं कसंबसं म्हणाले, आणि पुढे नुसता वारा. बाईंनी तांब्या-भांडं आणून त्यांच्या हाताशी ठेवलं. मग कंत्राटदार बाकावरून उठले आणि डोळे मिटून म्हणाले, "बा देवा म्हाराजा, आमच्या मामांचा आवाज त्यांना परत दे." कंत्राटदारांच्या एकाही सूचनेला ज्यांनी जन्मात कधी अनुमोदन दिलं नव्हतं, ते सभापती सगळ्यांच्या आधी म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मामांनी कानामागे हात धरला आणि मानेनेच विचारलं, काय म्हणाला? सभापती उठून त्यांच्याजवळ गेले, कानाशी वाकले आणि पडवी दणाणेल अशा आवाजात पुन्हा एकदा "व्हय म्हाराजा" म्हणाले. मामांना ते पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, अशी मला दाट शंका आहे.