गुरुवारी बघू

खोबरेल तेलात लसणाची पाकळी तांबूस होऊ लागली की जो वास सुटतो, तो अर्धा स्वयंपाकघराचा असतो आणि अर्धा आजारपणाचा. मोशीतल्या आमच्या इमारतीत समोरच्या दारातून तो संध्याकाळी येऊ लागला, तेव्हा मला वाटले, तिथे राहणाऱ्या ताई कशाला तरी फोडणी देत आहेत. पुष्कळ दिवसांनी कळले की ते तेल कानात घालायचे होते. विचारले तर म्हणाल्या, "कान वाजायलाय जरा. गुरुवारी बघू."

या पट्ट्यात राहणाऱ्यांना गुरुवार समजावून सांगावा लागत नाही. कारखान्यांची सुट्टी त्या दिवशी. दळण, चादरी, गॅसची टाकी, नात्यातले साखरपुडे आणि राहिलेली झोप, सारे गुरुवारच्या वाट्याला येते. ताईंच्या गुरुवारात कानाला जागा होत नसे.

त्या लातूरकडच्या. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन इकडे आल्या. लेक लग्न होऊन औशाला गेली, त्या राहिल्या. चाकणच्या एका लहानशा कारखान्यात ओतीव लोखंडाचे भाग तपासण्याचे त्यांचे काम. साखळीला टांगलेल्या तुकड्यावर हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा आणि ऐकायचे. सलग तुकडा लांबवर गुणगुणत राहतो. आत चीर असेल तर आवाज जागच्या जागी बसतो, बद्द. त्यासाठी कंपनीने दिलेला कानातला बोळा त्या फक्त डाव्या बाजूला घालत. उजवा कान भर गोंगाटात उघडा. सुपरवायझर रागावला की म्हणत, "दोन्ही झाकले तर मी कशाला पायजे, खांब उभा करा की तिथं."

ती सवय त्यांच्याबरोबर घरी येई. मधले बोट वाकवून त्या दिसेल त्यावर टकटक करत: नारळ, कलिंगड, पिठाचा डबा. उन्हाळ्यात माठ घ्यायचा तर आमच्या मजल्यावरच्या बायका त्यांना बरोबर नेत. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हौसेने नवे दार बसवले, तेव्हा सगळ्यांच्या देखत ताईंनी त्यावर बोट वाजवले आणि "आतून पोकळ हाय" असे शांतपणे जाहीर केले. सेक्रेटरी त्यानंतर कित्येक दिवस त्यांना पाहिले की लिफ्ट सोडून जिन्याने जात.

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, जी दुसऱ्याच्या घरातला बारीकसा तडा ओळखतात आणि स्वतःच्या दुखण्याला मात्र पाहुण्यासारखे बसवून ठेवतात. ताईंच्या उजव्या कानाला आधी खाज आली. त्यांनी केसांतली पिन फिरवली. मग ठणका लागला, तेल सुरू झाले. एके सकाळी बाल्कनीत त्यांनी उशीचा अभ्रा उलटा वाळत घातलेला दिसला. वाऱ्याने तो फिरला तेव्हा मधला पिवळा डाग मला दिसला. त्याच दिवशी ठणका थांबला, आणि ताईंनी तीच बरे झाल्याची खूण मानली. आत एक आवाज मात्र मुक्कामाला आला होता. रातकिडा शिरलाय, त्या हसून सांगत, फक्त ह्याला दिवस-रात्र कळत नाही.

दवाखान्याचा विषय मी दर आठवड्याला काढी आणि दर आठवड्याला गुरुवार पुढे सरके. खरे कारण त्यांनी एकदा मेथी निवडताना सांगितले. डॉक्टर म्हटला की चिठ्ठी आली, चिठ्ठी कंपनीत गेली, आणि अधू कानाच्या बाईला त्या हातोडीपाशी कोण ठेवणार? कंत्राट वर्षावर्षाचे.

"न्हाई दाखवला तर दोन्ही कान हायेत," त्या म्हणाल्या. "दाखवला की एकच राहतोय."

मी पुढची जुडी सोडली. मेथीच्या काड्यांचा ओला, कडवट वास तेवढा आमच्यामध्ये होता.

मग उन्हाळा आला. पहिली शिफ्ट करून त्या परतल्या आणि माझ्यासाठी माठ घ्यायला आम्ही आळंदी रस्त्यावर गेलो. भट्टीचा तांबडा रंग ल्यालेले माठ गवतावर ओळीने मांडले होते. ताईंनी बोट वाकवले, एक निवडला, वाजवला, माझ्या हाती दिला. तो बद्द वाजला होता. मलाही कळले. विकणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"त्यो नका नेऊ, ताई. चिरलाय त्यो."

ताईंनी दुसरा वाजवला. मग तिसरा. मग पुन्हा तो पहिला, उजवा कान अगदी त्याच्या पोटाला लावून. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा गर्दीत हात सुटलेल्या मुलाचा होतो.

परतताना रिक्षात त्या वाकवलेले बोट दुसऱ्या हातात धरून बसल्या. नंतर म्हणाल्या, "मला सगळेच चांगले वाजायलेत."

तेव्हा माझ्या ध्यानात आले. कानात मुक्कामाला आलेला तो सूर सलग लोखंडाच्या गुणगुणण्यासारखाच होता. प्रत्येक ठोक्यामागे तो आपणहून उभा राहत होता आणि फुटक्यालाही अखंड ठरवत होता.

"गाडीच्या ब्रेकात बसतंय ते लोखंड," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "मी काय काय पास केलं असंल?"

त्यांनी रिक्षावाल्याला भोसरीकडे वळायला सांगितले. त्या दिवशी मंगळवार होता.

कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या बाकावर बसण्याआधी त्यांनी सुपरवायझरला फोन लावला. मी पास केलेला जेवढा माल अजून आवारात असेल तेवढा थांबवा, दुसऱ्या कुणाकडून वाजवून घ्या, माझा कान बिघडलाय. ऐकू कमी येणारी माणसे बोलतात तशा त्या मोठ्याने बोलल्या. सगळा दवाखाना ऐकत होता.

डॉक्टरीणबाईंनी आत प्रकाश टाकला आणि विचारले, "काय तळलंत यात?" मग स्वर उतरवून त्यांनी समजावले. पडद्याला भोक पडले होते. ठणका थांबला तो पू बाहेर आल्यामुळे, बरे झाल्यामुळे नव्हे. पू येणे, ऐकू कमी होणे, एकाच कानात आवाज बसणे, यांतले काहीही झाले की सुट्टीची वाट पाहायची नसते. कान कोरडा ठेवायचा, तेल बंद. औषधाने जंतू जातील, पण आवाज पुरता जाईल, असे वचन त्यांनी दिले नाही.

कंपनीने ताईंना पॅकिंगला बसवले. खोक्यांवर पट्ट्या चिकटवायचे काम, त्याला कान लागत नाही. वर्ष संपले तेव्हा कंत्राट पुढे चालले नाही. कुणी वाईट बोलले नाही. नुसते बोलावले नाही. त्या लेकीकडे औशाला गेल्या. समोरच्या दाराआड आता ताथवड्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुली राहतात. त्यांच्या फोडणीला वेगळाच वास येतो.

मध्यंतरी मी फोन केला. पलीकडे शेळी ओरडत होती, भांडी आपटत होती. औषधे संपली, कान वाळला, भोक भरत आलेय, असे त्या सांगत होत्या. आवाज? आहे अजून, म्हणाल्या, पण लांब गेलाय, शिवारापलीकडच्या पाणी ओढणाऱ्या मोटारीसारखा. मी काहीतरी सांगू लागले, तर त्यांनी मला थांबवले. फोन डाव्या कानावरून काढल्याचे जाणवले. बांगड्या वाजल्या, पदर घासला. मग फोन उजव्या कानाला लावून, अगदी हलक्या आवाजात, त्या म्हणाल्या,

"बोला."