लिंबाच्या कुंडीतलं वाण

माझ्या आत्याला सगळी गल्ली जंतूबाई म्हणायची. जिवाणूखताच्या एका छोट्या कारखान्यात ती प्रयोगशाळा सांभाळायची. मातीत खनिज भरपूर असतं, पण घट्ट बांधलेलं. मुळांना ते घेता येत नाही. हे जिवाणू ते विरघळवतात, तेव्हा कुठे झाडाच्या तोंडी घास पडतो. त्यांचं मूळ वाण चार काचनळ्यांत होतं. दर तीन आठवड्यांनी आत्या ते नव्या नळ्यांत उतरवायची. अकरा वर्षांत एकदाही चुकली नाही, असं ती स्वतःच दिवसातून दोनदा सांगायची.

माझे बाबा, म्हणजे तिचा दादा, गेले. चौथ्या दिवशी ती कामावर हजर. घरी बसून भिंतींकडे किती बघू, म्हणाली. त्या दिवशी टाकाऊ नळ्यांबरोबर तिने वाणाच्या चारही नळ्या वाफेच्या भांड्यात ठेवल्या. झाकण उघडल्यावर तिला कळलं. आतलं सगळं शिजून मेलं होतं.

पेरणी महिन्यावर आलेली. साहेब म्हणाले, "जिवाणूंशिवाय नुसती भुकटी भरा पाकिटांत. दिसायला सारखीच. कुणाला कळतंय?"

"झाडाला कळतं," आत्या म्हणाली. "चूक माझी आहे. आठ दिवस द्या. नाही जमलं तर मला काढा, पण मेलेलं विकू नका."

ती थेट आमच्याकडे आली. बाबा तिच्या पाकिटांची टर उडवायचे, पण दरवर्षी गुपचूप एक पाकीट गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत रिकामं करायचे. आत्या चमच्याने मुळांपाशी उकरू लागली, तशी आई चिडली.

"वन्सं, त्यांच्या हातचं झाड आहे ते. मुळं तुटतील."

"वहिनी, असलंच कुठे तर इथेच असेल."

आईने फांदी बाजूला धरली.

ती माती पाण्यात कालवून आत्याने दुधी थराच्या काचेच्या बशांत पसरली. जिवाणू जिवंत असले तर थरातलं पांढरं खनिज विरघळून त्यांच्याभोवती पारदर्शक कडं पडतं. दोन दिवस काहीच नाही. तिसराही कोरडा गेला. चौथ्या दिवशी एका ठिपक्याभोवती बारीक कडं दिसलं, आणि आत्या स्टुलावर बसून रडली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

तो ठिपका वेगळा काढून तिने वाढवला. नव्या नळीच्या चिठ्ठीवर तारीख घातली आणि वाणाच्या नावापुढे लिहिलं, दादा.

निवृत्त होईपर्यंत दर तीन आठवड्यांनी ती दादाला नव्या नळीत उतरवत राहिली.