कमलाक्षीने पाजलेलं ओखद

सर्वणची कमलाक्षी तशी फटकळ बाई. डिचोलीच्या बाजारात भाजी विकायला बसली, की वांगं दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला "घेऊचा असल्यास घे, चेपू नको!" असं तोंडावर सुनावायची. पण नवऱ्याच्या दुखण्यापुढे ती पार हबकली.

सगुणच्या मानेत कॅन्सरची गाठ. सगळे उपाय थकले, तेव्हा एका इस्पितळाने त्याला नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. डॉक्टर श्रद्धाने बजावलं होतं, "हा विषाणू आम्ही बदललेला आहे. गाठीत टोचला, की कॅन्सरच्या पेशींत शिरून त्यांना फोडतो. ताप येईल, घाबरू नका. पण आम्हाला न विचारता दुसरं कसलंही औषध द्यायचं नाही." पहिल्या इंजेक्शनने गाठ खरंच उतरली. अहो, कित्येक महिन्यांनी सगुण पेज गिळू लागला!

दुसऱ्या इंजेक्शनला ताप चढतच गेला. माणूस फणफणतोय आणि बायकोने नुसतं बघत बसायचं? कमलाक्षीने वैद्याकडून झाडपाल्याचं ओखद आणून चार दिवस पाजलं.

तिसऱ्या खेपेला रक्त तपासलं, तर यकृत बिघडलेलं. "घरी काही दिलंत?" श्रद्धाने विचारलं.

"नाय हो." खरं सांगितलं तर सगुणला चाचणीतून काढतील, एवढंच तिला कळत होतं.

"म्हणजे हे विषाणूमुळेच. आता सगळ्यांचीच इंजेक्शनं थांबवावी लागतील."

बाहेर बाकावर हळर्णची शेवंती बसली होती. पस्तिशीचीसुद्धा नसेल, तिलाही तीच गाठ, आणि आज तिचं पहिलं इंजेक्शन. सकाळीच तिने विचारलं होतं, "काकी, काकांची गाठ खरीच उतारली?"

कमलाक्षी दारापर्यंत गेली आणि शेवंतीला बघून परत श्रद्धाकडे फिरली. मेलं तोंड, एरवी चुरूचुरू चालतं, आता उघडेना! शेवटी रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं.

श्रद्धा रागावली नाही, ते जास्तच लागलं. तिने वरिष्ठांना फोन केले. दुपारनंतर शेवंतीला आत बोलावलं, आणि सगुणचं नाव चाचणीतून कमी झालं.

सगुण शर्टाचं वरचं बटण काढून तयार बसला होता. "आमका कधी आत आपयतले?"

"नाय आपयवचे," कमलाक्षी म्हणाली. "मियांच तुमका ता ओखद दिलंय, आणि मियांच आता सांगून इलंय."

सगुणने शर्टाचं बटण परत लावलं.

"माका जगूचा होता गो," तो म्हणाला.